बाळ म्हातारा झाला तेव्हा

सांगलीला मावशीच्या घरी रोजचे दूध बाळ आणायचा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे, काही न बोलता उभे राहायचे, दुकानदाराने दिलेली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून परत यायचे आणि ओट्यावरच्या पातेल्यात ठेवायची. हिशेब वहीवर, तो महिनाअखेरीस मावशी चुकता करायची. बाळला पैसे मोजता येत नसत, पण पिशवी गळकी असली तर ती तो घ्यायचा नाही. परत येताना फाटकात पडलेले वर्तमानपत्र उचलायचे आणि काकांच्या खुर्चीवर ठेवायचे. काका गेले त्यानंतरही पेपर त्याच खुर्चीवर. तीस वर्षे हे असे चालले आणि या तीस वर्षांत बाळ चुकला असे कोणाला आठवत नाही.

बाळ हा माझा मावसभाऊ. त्याला डाउन सिंड्रोम आहे. आज त्याचे वय त्रेपन्न. पाळण्यात ठेवलेले नाव रेशनकार्डावर आणि आधार कार्डावर आहे, एरवी सगळ्या गल्लीचा तो बाळच.

एकोणपन्नासाव्या वर्षी केव्हातरी दुधाची पिशवी चपलांच्या फडताळात सापडली. घरात हसू झाले. मग बाळ उंबरठ्यावर अडायला लागला. पाय उचलायचा, पुन्हा मागे ठेवायचा, दाराची चौकट घट्ट धरायचा. अंघोळीनंतर एका शर्टावर दुसरा शर्ट चढवायचा. रात्री दोन वाजता उठून पिशवी आणायला निघायचा. मावशी म्हणाली, लाडावलाय. त्याची धाकटी बहीण म्हणाली, हट्टी झालाय, बाबा असते तर असा वागला नसता. शेवटी एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, “या मुलांचं असं होतंच. त्यांच्यात काय बदल शोधायचा?”

त्या डॉक्टरांवर राग धरावा असे आता वाटत नाही, कारण घरातले आम्ही सगळे वेगळे काय म्हणत होतो? पण त्या एका वाक्यात पुढची दोन वर्षे गेली.

‘ही मुलं’ हा शब्दप्रयोग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. समोर बसलेल्या माणसाचे कानशिलावरचे केस पांढरे झालेले होते. आपल्याकडे अशा माणसाला पूर्वी काय काय म्हणत ते इथे लिहिण्याची गरज नाही. मग ‘मतिमंद’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द आला, १९९५च्या अपंगविषयक कायद्यात ‘मानसिक मंदत्व’ होते, २०१६च्या कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ झाली. शब्द सुधारत गेले ही चांगलीच गोष्ट. तरी या सगळ्या शब्दांमागे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते लहान मूलच. शाळेच्या स्नेहसंमेलनात हात हलवणारे, पणत्या रंगवणारे. ते मूल पन्नास वर्षांचे होते, त्याला चष्मा लागतो, त्याचे गुडघे दुखतात, आणि तेही आपल्या आजीसारखे विसरू लागते, हे चित्र आपल्यापाशी तयारच नाही.

ते नसण्याला कारण आहे. आतापर्यंत ही माणसे पन्नाशीपर्यंत पोचतच नसत. लंडनजवळच्या एका संस्थेत काम करणाऱ्या जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले. पॅरिसमध्ये लेजन, गोतिए आणि त्युर्पां यांनी १९५९ मध्ये तिचे मूळ दाखवले: एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन. अमेरिकेत १९८३च्या सुमारास अशा व्यक्तीचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षे धरले जाई. आज ते साठच्या आसपास आहे. छातीच्या संसर्गावर प्रतिजैविके आली, जन्मजात हृदयदोषावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, थायरॉइडची गोळी मिळू लागली, आणि मुख्य म्हणजे मूल घरी वाढू लागले. बाळ जन्मला तेव्हा मावशीला सांगितले गेले होते की पंधरा-वीस वर्षे धरून चाला. ती त्या हिशेबाने चालली आणि बाळने तो हिशेब दुपटीहून अधिक चुकवला. म्हातारपणाची सूचना तिला कोणी दिली नाही, कारण देणाऱ्यालाही ती ठाऊक नव्हती.

वैद्यकशास्त्राला मात्र याची चाहूल फार जुनी. १८७६ साली, म्हणजे अल्झायमर यांनी आपली प्रसिद्ध रुग्णहकीगत मांडण्याच्या तीस वर्षे आधी, फ्रेझर आणि मिचेल या डॉक्टरांनी अशा रुग्णांत अकाली येणाऱ्या वार्धक्याची नोंद केली होती. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की चाळिशी गाठलेल्या डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ प्रत्येक व्यक्तीच्या मेंदूत अल्झायमरच्या रोग्यासारखेच प्रथिनाचे थर साचलेले असतात. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग या अमेरिकी संशोधकांनी दोन्हींतले प्रथिन एकच असल्याचे दाखवले, आणि ते कोणत्या गुणसूत्रावरून येत असावे याचा अंदाज त्यावरूनच बांधला. १९८७ मध्ये तो खरा ठरला. हे प्रथिन ज्यापासून बनते त्याचा जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच बसलेला आहे. ज्याच्यापाशी ते गुणसूत्र तीन आहेत त्याच्या मेंदूत हे प्रथिन जन्मापासून दीडपट बनते. १९९८ साली इंग्लंडमधून एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या स्त्रीची हकीगत प्रसिद्ध झाली. तिला डाउन सिंड्रोम होता, पण तिसऱ्या गुणसूत्राचा नेमका तो जनुक असलेला तुकडा तिच्यात नव्हता. तिला स्मृतिभ्रंश झाला नाही.

इथे जरा आडवळण घेऊन एक गोष्ट सांगाविशी वाटते. तुमच्या-माझ्या आईवडिलांच्या स्मृतिभ्रंशाविषयी आज जे काही ठाऊक आहे त्याचा मोठा धागा बाळसारख्या माणसांच्या मेंदूतून निघालेला आहे. ते प्रथिन धुऊन काढणारी जी नवी औषधे अलीकडे आली, त्यांपैकी लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ज्या चाचण्यांवर ती मिळाली त्यांत डाउन सिंड्रोम असलेली माणसे नव्हती. त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही हे प्रथिन साचते, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका अधिक असण्याची भीती खरी आहे. पण धोका आहे म्हणून तपासायचे नाही आणि तपासले नाही म्हणून द्यायचे नाही, असे हे वर्तुळ. जुन्या मेमँटिन या औषधाची मोठी चाचणी त्यांच्यावर झाली, तिचा निकाल २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: फायदा दिसला नाही. इतरांच्या अल्झायमरला जे थोडेफार लागू पडते ते यांनाही पडेलच असे नाही, एवढे त्यातून कळले.

डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती पुरेशी जगली तर तिला स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या घरात मानली जाते आणि लक्षणे बहुधा पन्नाशी ओलांडताना दिसू लागतात, काहींत चाळिशीतच. अन्य कारणांनी बौद्धिक अक्षमता आलेल्यांनाही हा विकार सर्वसामान्य माणसापेक्षा अधिक आणि लवकर गाठतो. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजणी साठीपासून. त्रेपन्न वर्षांचा बाळ त्यात नाही.

आपल्या रंगभूमीने आणि चित्रपटाने या दोन प्रश्नांकडे स्वतंत्रपणे पाहिले आहे. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’मध्ये मतिमंद मुलाच्या आईबापांचा कोंडमारा होता, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये विस्मरणात हरवलेला विद्वान बाप आणि त्याची मुलगी. दोन्ही दुःखे एकाच घरात, एकाच माणसात नांदतात असे घर निदान माझ्या पाहण्यात आलेले नाही. नाटकात नाही म्हणून ते गल्लीत नाही असे थोडेच?

अडचण सुरू होते ती ओळखण्यापासून. तुमच्या-माझ्या बाबतीत डॉक्टर आजची तारीख विचारतात, शंभरातून सात वजा करायला सांगतात, तीन वस्तूंची नावे लक्षात ठेवायला सांगतात. बाळला तारीख कधीच सांगता येत नव्हती. सात वजा करणे दूरच. मग त्याचे काय गेले हे कळावे कसे? त्याची तुलना दुसऱ्या कोणाशी करून उपयोग नाही; ती त्याच्या स्वतःशीच करावी लागते. दहा वर्षांपूर्वीचा बाळ आणि आजचा बाळ. ती तुलना करायला दहा वर्षांपूर्वीचा बाळ कुठेतरी लिहून ठेवलेला हवा. आमच्या घरी तो कुठेच लिहिलेला नव्हता. शाळेचा अखेरचा अहवाल अठराव्या वर्षीचा. त्यानंतर एकतीस वर्षे कोरी.

ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी म्हणूनच सांगून ठेवले आहे की डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येकाची तिशीच्या सुमारास, सगळे ठीक असतानाच, एकदा नीट नोंद करावी आणि पुढे वेळोवेळी तिच्याशी ताडून पाहावे. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने त्यासाठी घरच्या माणसाला भरता येईल असा तक्ता तयार केला आहे. तक्ता मिळाला नाही तरी अडत नाही. मला या लेखात एवढेच एक काम वाचकांपैकी काहींच्या गळ्यात घालायचे आहे. ज्यांच्या घरी असा तीस-पस्तीस वर्षांचा मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, भाची आहे त्यांनी या आठवड्यात एक दोनशे पानी वही आणावी. शर्टाची बटणे लावतो का, किती? अंघोळीचे पाणी स्वतः घेतो का? कोणाकोणाला नावाने हाक मारतो? टीव्हीवरची कोणती मालिका लागली की धावत येतो? जिना कसा चढतो, कठडा धरून की न धरता? रस्त्याने एकटा कुठवर जातो? जेवायला किती वेळ लागतो? कशाला हसतो? वर्षातून एकदा, वाढदिवसाला म्हणा, पुन्हा लिहावे. हाती मोबाइल आहेच, तर चालतानाची, जेवतानाची, बोलतानाची दोन-दोन मिनिटांची चित्रफीतही घेऊन ठेवावी. पाहुण्यांसमोर त्याला नाचायला लावून घेतलेली नव्हे, रोजच्या कामातली.

कारण बदल दिसतो तो बहुधा स्मरणात नव्हे, स्वभावात आणि चालण्यात. गप्पिष्ट माणूस गप्प होतो, शांत माणूस चिडतो, ज्या कामात रस होता त्यातून मन काढून घेतो. वहीत ‘रोज पिशवी आणतो’ असे लिहिलेले असते तर चपलांच्या फडताळातली पिशवी आम्हाला हसण्यासारखी वाटली नसती.

याचा अर्थ प्रत्येक बदल म्हणजे स्मृतिभ्रंश असाही नव्हे, आणि हे तितकेच महत्त्वाचे आहे. या माणसांत थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण मोठे. मोतीबिंदू लवकर येतो. कानाच्या अरुंद नळीत मळ साचून ऐकू येईनासे होते. झोपेत श्वास अडकतो, रात्रभर झोप लागत नाही आणि दिवसभर माणूस पेंगतो. मानेच्या वरच्या मणक्यांतला सैलपणा मज्जारज्जूवर दाब आणतो आणि चाल बिघडते. दाढ दुखते, पण सांगता येत नाही. बाप मरतो, आणि त्याला काय कळणार म्हणून त्याच्याशी कोणी त्याविषयी बोलत नाही. तो आतल्या आत खचतो. यातले जवळजवळ प्रत्येक कारण दूर करता येण्यासारखे आहे. ‘या मुलांचं असं होतंच’ या वाक्याचा खरा गुन्हा हा, की ते बऱ्या होणाऱ्या दुखण्यालाही बरे होऊ देत नाही.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी बाळचे रक्त तपासायला पाठवले. थायरॉइड फारच खाली गेलेला होता. एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. गोळी सुरू झाली, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तीन महिन्यांत बाळ उंबरठा ओलांडू लागला. मावशीने सत्यनारायण घातला. पुन्हा पिशवी आली, पेपर खुर्चीवर गेला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तो सहा-सात महिने टिकला. मग एका सकाळी चहा पिताना त्याच्या हाताला झटका बसला आणि कप उडाला. दोन-तीनदा तसे झाल्यावर एके दिवशी पहाटे त्याला आकडी आली. आयुष्यात कधी फिट न आलेल्या डाउन सिंड्रोमच्या माणसाला पन्नाशीत ती येऊ लागली तर ती या स्मृतिभ्रंशाची मोठी खूण असते, हे आम्हाला तेव्हा कळले. निदान झाले. डॉक्टरीणबाईंनी मावशीला स्पष्ट सांगितले, मावशीने तेवढ्याच स्पष्टपणे विचारले, “म्हणजे आता मी काय काय बदलायचं घरात, ते सांगा.”

बाईंनी सांगितले, काही पुढे आम्हीच शिकलो. या दुखण्यात डोळे ठीक असले तरी खोलीचा अंदाज जातो. दारातले काळे पायपुसणे त्याला खड्डा वाटतो. चकचकीत फरशी ओली वाटते. फिकट लादीला गडद पट्टी आली की ती पायरी वाटते. आम्ही पायपुसणे काढले, उंबरठ्याच्या कडेला पिवळा पट्टा लावला. न्हाणीघरातला आरसा झाकला, कारण आतला म्हातारा माणूस त्याला परका वाटत होता. स्टीलच्या ताटात पांढरा भात त्याला दिसतच नसे आणि ‘जेवत नाही’ अशी तक्रार व्हायची. निळ्या प्लास्टिकच्या ताटलीत वाढल्यावर तो जेवू लागला. संडासाच्या दारावर चित्र लावले आणि दार उघडेच ठेवू लागलो.

जेवणाचे आणखी एक. गिळण्याची क्रिया मंदावते, ठसका लागतो आणि घास चुकून श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो. या आजारात मृत्यूचे ते नेहमीचे कारण. पाण्याला ठसका लागतो आणि दाट पेजेला लागत नाही, हे आपल्या घराघरांतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ताठ बसवून, सावकाश, टीव्ही बंद करून भरवायचे. घाई असेल त्या दिवशी भरवायलाच बसू नये, दुसऱ्या कोणाला बसवावे.

बोलण्याचे सगळ्यांत कठीण. “बाबा कुठेत?” असे बाळ दिवसातून दहादा विचारू लागला. पहिल्यांदा त्याच्या बहिणीने सांगितले, बाबा देवाघरी गेले. तो ओक्साबोक्शी रडला. तासाभराने पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तेच रडणे. त्याच्यासाठी बाप रोज नव्याने मरत होता. मावशीने ते थांबवले. ती म्हणे, “बाबांचा पेपर ठेवलास का?” तो उठून पेपर शोधू लागे. हे खोटे बोलणे आहे काय? एकदा सांगितलेले खरे हे खरे. दहाव्यांदा सांगितलेले तेच खरे ही निव्वळ मारझोड होते, असे मला तरी वाटते. ‘सांग बघू मी कोण?’ ही पाहुण्यांची आवडती परीक्षाही त्याच जातीची. येऊन त्याच्याजवळ बसावे आणि आपले नाव आपणच सांगावे.

वागणे बिघडले की झोपेची गोळी मागण्याकडे घरच्यांचा कल होतो. रात्री तीनला जागा असलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईला त्याबद्दल दोष कोण देईल? पण ओरडणारा माणूस पुष्कळदा दुखते म्हणून ओरडत असतो. बद्धकोष्ठ, दाढ, लघवीचा संसर्ग, बसून आखडलेला गुडघा हे आधी पाहायचे. बाळने एकदा आठवडाभर कोणाला हात लावू दिला नाही. निघाले ते पायाच्या अंगठ्यात रुतलेले नख.

घरातले एवढे झाले. ज्यांचे घर म्हणजे संस्था आहे त्यांचे काय? मुंबईची जय वकील शाळा १९४४ मधली, पुण्याची कामायनी साठच्या दशकातली. अशा शाळांमधून शिकलेल्या पहिल्या पिढ्या आता म्हाताऱ्या होत आहेत. शाळा अठराव्या वर्षाच्या आगेमागे संपते. त्यानंतर नशीब असेल तर कार्यशाळा. बाळही बरीच वर्षे एका कार्यशाळेत कागदी पिशव्या चिकटवायला जात असे. हात चुकू लागले तेव्हा तिथून निरोप आला की माल खराब होतो, आता पाठवू नका. निवृत्तीचा समारंभ नाही, नारळ नाही. तीस वर्षे नोकरी केलेल्या शिपायालाही आपण शाल देतो.

कायम निवासाच्या संस्था मोजक्या आहेत. पालकांनी पालकांसाठी उभी केलेली डोंबिवलीजवळच्या खोणीतली ‘घरकुल’सारखी उदाहरणे आहेत म्हणून तर धीर येतो. अशा प्रत्येक संस्थेपुढे आज ना उद्या हा प्रश्न येणार: आपल्यातला एक विसरू लागला, रात्री हिंडू लागला, कपडे ओले करू लागला, तर त्याला ठेवायचे की ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून घरी धाडायचे? घरी म्हणजे कुठे? आईबाप गेलेले असतात. वृद्धाश्रमाला त्याचे वय बसत नाही आणि त्याचे बोलणे कळत नाही. २००१ मध्ये एडिंबरो येथे जमलेल्या तज्ज्ञांनी या विषयावर काही तत्त्वे मांडली, त्यांचा एक गाभा असा की माणूस जिथे राहत आला तिथेच त्याला राहता येईल असे पाहावे. माणूस हलवण्याऐवजी मदत त्याच्यापर्यंत हलवावी. जुना पलंग, जुना सोबती, जुनी वाट यांवरच त्याचा उरलासुरला तोल टिकलेला असतो. सोबत्यांनाही सांगावे लागते. ‘त्याच्या डोक्याला आजार झालाय, तो मुद्दाम करत नाही, तुला तो होणार नाही त्याला हात लावून’, इतके साधे सांगितले की तेही समजून घेतात, कधी कधी कर्मचाऱ्यांपेक्षा लवकर.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आई ही आपोआप पालक राहत नाही, हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीवरच कळते. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकते. काका टपाल खात्यात होते आणि त्यांनी स्वतः धडपडून बाळची नोंद करून ठेवली होती म्हणून आज निभावते आहे. पण २०१६च्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांत पार्किन्सनचा कंपवात आहे, स्मृतिभ्रंशाचे नाव नाही. बाळच्या हाती अक्षमतेचे प्रमाणपत्र आहे ते लहानपणच्या बुद्ध्यंकाचे. पुढे त्याला पूर्णवेळ माणूस लागणार आहे हे त्या कागदाला ठाऊक नाही, आणि तशा माणसाचा पगार कोणत्याच योजनेत बसत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी निघालेल्या मोजक्या दिवसा-केंद्रांनी वयाची अट शिथिल करून आणि अपंगांच्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांना चार दिवस शिकवून यांना सामावून घ्यावे, एवढे तर नव्या इमारतीवाचूनही करता येईल.

अशा आयांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: त्याने माझ्याआधी एक दिवस जावे. ऐकणारे माना खाली घालतात. मी मावशीच्या तोंडून ते वर्षानुवर्षे ऐकत आले. आता ती ब्याऐंशीची आहे, तिला कंबरेचा पट्टा आहे, आणि अलीकडे ती ते म्हणत नाही. बहिणीने पालकत्वाचा अर्ज मंजूर करून घेतला, सकाळ-संध्याकाळ एक बाई ठेवली, महिन्यातून चार दिवस बाळला मिरजेला स्वतःकडे नेऊन पाहिले. तिथे तो झोपला नाही, तेव्हा आता तीच सांगलीला येऊन राहते आणि मावशी त्या चार दिवसांत मिरजेला जाऊन झोपते. गल्लीतला दुकानदार दूध घरी पोचवतो. त्याने मागच्या दिवाळीपासून एक नवीन रीत सुरू केली आहे; पिशवी तो मावशीकडे देत नाही, खुर्चीत बसलेल्या बाळच्या हातात देतो.

मावशीने वही उशिरा का होईना सुरू केली. तिचे अक्षर आता तिरके झाले आहे. परवा मी ती चाळली. शेवटची नोंद होती: “मंगळवार. साडेसात ते आठ पिशवी मांडीवर. दूध कोमट झाले. मागितली तर दिली नाही. दुपारी दोन पोळ्या कुस्करून, वरण. ठसका नाही. पेपरवर हात ठेवून झोपला.”